पाचव्या नंबरची मॅच आणि साखळीचं दुसरं टोक

बेल्डन फोर्क, नेब्रास्का
१ नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप एमिलदादास,

धाकट्या डेलबर्टचा नमस्कार. तुझे गुडघे, कॅरलीनचा संसार आणि तिकडचं ॲरिझोनाचं ऊन, तिन्ही तुला सोसवेल इतपतच असोत. इकडे मी, व्हर्ना आणि कुत्रा खुशाल आहोत. (माझी कंबर खुशाल नाही, पण ती कधीच नव्हती, तेव्हा तिचं नव्याने काय कळवायचं.) तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे हे पत्र जावईबापू वाचून दाखवणार, असं कॅरलीन फोनवर म्हणाली. तेव्हा रामिरो, तुलाही आशीर्वाद. सावकाश वाच, आणि जिथे 'मोठ्याने वाचू नये' असं लिहिलंय तिथे खरंच वाचू नकोस.

आनंदाची बातमी अशी की आपल्या शाळेची फुटबॉलची पोरं बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत ३८-६ अशी सडकून हरली. गावाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. कारण यंदापासून पहिल्या फेरीत हरलेल्या चार शाळांना घरी पाठवत नाहीत. त्यांची आपापसात वेगळी सांत्वनफेरी लावतात आणि तिच्यात जिंकेल त्याला पाचवा नंबर देतात. शेजारचे हार्लोवाले पहिली फेरी जिंकले, दुसरीत आपटले, आणि आता त्यांचे कपडे धुऊन कपाटात गेलेसुद्धा. आपण हरलो म्हणून अजून खेळतोय. पुढच्या वर्षी आपली शाळा त्याच हार्लोच्या शाळेत विलीन होणार आणि आपल्या मैदानावर त्यांच्या बसगाड्या उभ्या राहणार, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून या मैदानावर आणखी एक शुक्रवार मिळावा, एवढीच सगळ्यांची धडपड चालली आहे. फादर तर प्रवचनात पराभवाबद्दल इतक्या प्रेमाने बोलले की प्रशिक्षक उठून बाहेर गेला.

तर परवा शुक्रवारी सांत्वनफेरीची उपांत्य मॅच होती, पन्नास मैलांवर. परगावी यार्ड मोजायची साखळी तिथलीच माणसं धरतात, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसलो. दादा, बसून मॅच कशी बघतात रे? चेंडू पुढे सरकला की माझे पाय आपोआप त्याच्याबरोबर निघायचे. बाकाच्या रांगेतून मी सहा जणांच्या मांड्यांवरून, दोन कॉफ्या सांडत, वीस यार्ड गेलो आणि चेंडू उलटा फिरला तसा परतही आलो. शेवटी एका बाईने माझा कोट धरला आणि म्हणाली, "आजोबा, बसा की. तुमच्याशिवायही जाईल चेंडू पुढे." चेंडू गेला. १४-१२ जिंकलो. दुसरी उपांत्य मॅच बर्फामुळे लांबल्याने पाचव्या नंबरची मॅच आता तेरा तारखेच्या शुक्रवारी आहे, आपल्या मैदानावर. (शुक्रवार आणि तेरा तारीख, म्हणजे अपशकुनाची कमाल. पण जे गाव हरून हरून इथवर पोचलंय त्याला कोण घाबरवणार?)

आपल्या मैदानावर साखळी धरायला तुझ्या जागी आता लायल विमावाला येतो. रामिरोसाठी सांगतो: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, आणि ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमध्ये साखळी असते. मागची काठी तुझ्या सासऱ्याने धरली, पुढची मी, एकतीस वर्षं. हा लायल काठी धरून फोनवर लोकांना गारपिटीचा विमा विकतो. मागच्या महिन्यात बोलता बोलता तो चालायला लागला, साखळी माझ्या पायाला गुंडाळलेली, आणि मी आडवा होऊन त्याच्यामागे फरफटत गेलो. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं, कारण गिऱ्हाईक जवळजवळ तयार झालं होतं. मी गवतावर पडल्या पडल्या मागे पाहिलं आणि तू नव्हतास. दादा, मला तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही.

(इथून पुढे मोठ्याने वाचू नये. कागद दादाच्या हातात दे, त्याला भिंग दे, आणि तू स्वयंपाकघरात जा.)

दोन वर्षांपूर्वीची ती मॅच. चौथा प्रयत्न, मोजणी झाली आणि आपण दोन बोटं कमी पडलो. तेव्हा सांत्वनफेरी नव्हती, हंगाम तिथेच संपला. तू मागची काठी चुकीची रोवलीस असं गाव म्हणालं. तू एकदाच म्हणालास, "काठी बरोबर होती." आणि जानेवारीत गुडघ्यांचं निमित्त करून निघून गेलास. यंदा ऑगस्टमध्ये हार्लोवाल्यांनी सगळं सामान मोजून मागितलं, म्हणून मी साखळीला टेप लावला. साखळी अडीच बोटं जास्त भरली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या टोकाजवळची एक कडी तुटली होती आणि मी तिथे कुळवाची जुनी कडी बसवली होती. चांगली दणकट होती, म्हणून मोजली नाही. आपण अर्धं बोट पुढे होतो, दादा. तुझी काठी बरोबर होती. (साखळी दोन्ही संघांना सारखीच लांब होती, तेव्हा न्याय समानच झाला, असं मी कुत्र्याला तीन महिने समजावतोय. तोही उठून जातो.)

व्हर्ना सगळ्यांना आठवण सांगते. खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाची, पाठवत आहे. वाटेत चुरा झाला तर दुधात घालून खा.

तुझा धाकटा,
डेलबर्ट

ता. क. पत्र टाकायच्या आधी आज सोमवारी सकाळी कॅफेत उभा राहून कडीची हकीकत सगळ्यांना सांगितली. वाटलं होतं, ओरडतील. सगळे आपापला नाश्ता खात राहिले. फक्त लॅव्हॉनने कॉफी ओतता ओतता विचारलं, "एमिल दोन महिने त्या कोपऱ्यात एकटा बसायचा, डेल. तेव्हा तू कुठल्या टेबलावर होतास?" मला तेव्हा कडीबद्दल ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण मी बाकीच्यांबरोबर खिडकीजवळच्या टेबलावर होतो, हेही खरं आहे. त्यानंतर माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. व्हर्ना बसली, पण तिला इलाज नाही.

ता. क. २. साखळी नवी कडी घालून बरोबर दहा यार्ड केली आहे. पंचांनी येऊन मोजली. लायलला तेरा तारखेची सुट्टी दिली आहे. तू येणार नसलास तर कळवू नकोस, मी त्या दिवसापर्यंत वाट बघेन. आणि आलास तर माझ्याशी बोललंच पाहिजे असंही नाही. मॅच चालू असताना आपण कुठे बोलायचो? तू तिकडून नुसती मान हलवायचास, मी चालायला लागायचो. तेवढंच कर.