कंबरदुखीची थाप

सौ. विहीणबाई यांना अच्युतचा भोपाळहून नमस्कार.

संपदाची कंबर दुखते म्हणून तिला अजून माहेरी ठेवलंय, असं मी कळवलं, ते खोटं. बाळंतपणानंतर ती दिवसभर रडायची, बाळाला जवळ घ्यायची नाही. मी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत बसलो. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबूजी, नज़र नहीं, बीमारी है. ठीक हो जाएगी." तुम्ही सुनेला वेडी म्हणाल, या धास्तीने लपवलं. औषध लागू पडलं. आज बाळाला न्हाऊ घालताना ती खळखळून हसली, "बाबा, टॉवेल आणा! तुमचा नातू माझ्यावर मुतला!"

एवढं लिहिलं तोच तिने मागून वाचलं. म्हणाली, "पाठवू नका हे. सासूबाईंना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलंय. त्याच म्हणाल्या, 'मला ठाऊक आहे, हे बाबांना बोलू नकोस, उगाच घाबरतील.'"

आपला व्याही, ओशाळलेला पण खूश,
अच्युत