कोट पोचला, अभ्यास रांगेत आहे

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व)
रविवार, २२ मार्च १९९८

तीर्थस्वरूप अण्णामामांच्या चरणी,

यतीनचा साष्टांग नमस्कार, आणि मृणालिनीचाही (ती तांदूळ निवडते आहे, पण माझाही घाल म्हणाली). तुमचा गुडघा कसा आहे? रत्नागिरीच्या कोर्टाच्या पायऱ्या अजून दोनदा विचार करून चढतो का? मामींचा खोकला थांबला का? कलमांचा मोहर टिकला का? (आंब्याच्या. माझ्या कलमांचं पुढे लिहितो.)

तुमचं पत्र आणि तुमचा काळा कोट दोन्ही मिळून बरेच दिवस झाले. पत्रात तुम्ही सरळ लिहिलं होतं की एलएल. बी.च्या शेवटच्या वर्षाला मी तिसऱ्यांदा बसतो आहे, समोर कोट टांगला म्हणजे अभ्यासाची आठवण राहील, आणि या खेपेस झालं नाही तर कोट परत पाठवावा, तो आमच्या निहारला बसेल. तुमच्या वकिलीच्या ऑफिसातल्या खुर्चीबद्दल तुम्ही लिहिलं नव्हतं, पण कोट निहारला बसला की खुर्चीतही निहारच बसणार हे मला समजतं. त्याचे खांदेही माझ्यापेक्षा रुंद आहेत. मला राग आला नाही. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं ते कुतूहल. एका बाप्याला वकील व्हायचं आहे, कित्येक वर्षं व्हायचं आहे, ऑफिसातून आल्यावर तो पुस्तक उघडून बसतो, आणि गॅस बंद आहे की नाही हे बघायला उठतो. गॅस बंद असतो. मग त्याला उठवतं कोण?

याचा शोध घ्यायला मी आधी घराबाहेर पडलो. बस धरून उत्तनच्या पलीकडे पालीला गेलो आणि पुराव्याचा कायदा घेऊन किनाऱ्यावर बसलो. शेजारी बोंबील वाळत होते. ते राखणारी म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, ‘घरी जागा न्हाय का रं तुला?’ मी म्हटलं, जागा आहे, मन लागत नाही. ती म्हणाली, ‘मंग हितं तरी कुटं लागलंय? मघापासनं मांजरांकडंच बघतंस.’ ते खरं होतं. बोंबलांचा वास पुस्तकात शिरला आणि अजून निघालेला नाही. मृणालिनीने पुस्तकाला घरात यायची मनाई केली आहे, ते गॅलरीत असतं. (आता मांजरं त्याच्याकडे बघतात.)

त्याच गॅलरीत तुमच्या कोटाचं प्रकरण घडलं. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता, म्हणून मृणालिनीने तो दोन दिवस वाऱ्याला टांगला. आमच्या इमारतीत गुजराती, कोकणातले, उत्तरेकडचे, सगळे आहेत, पण वकील एकही नाही. काळा कोट त्यांनी पाहिलेला असतो तो स्टेशनवर. तिसऱ्या दिवशी समोरच्या अंबिकाबेन खाकऱ्यांचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘भाईसाब, आपने बताया नहीं, आप टीसी हैं!’ मी सांगितलं की मी विमा कंपनीत कारकून आहे आणि वकिलीची परीक्षा देतो आहे. त्या हसल्या. ‘हां हां, डिपार्टमेंट की परीक्षा. प्रमोशन होगा.’ एवढ्यावर तो विषय संपला. पुढे मी जितकं नाकारत गेलो तितकी माझ्या साधेपणाची कीर्ती वाढली.

आणि शांतता झाली. जिन्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना अंबिकाबेन दटावू लागल्या, ‘चूप! टीसीसाब ड्यूटी करके सोये हैं.’ वरच्या मजल्यावरचा खलबत्ता थांबला. कॅसेटी थांबल्या. वकिलीच्या विद्यार्थ्याला जी शांतता दोन वर्षं विनवूनही मिळाली नव्हती ती टीसीला न मागता मिळाली. ती मी स्वीकारली. अशा शांततेत, तुम्हाला वाटेल, मी पाठ करत सुटलो. तसं झालं नाही. त्या शांततेत गॅसची शंका अधिक स्पष्ट ऐकू येते.

मग तळमजल्यावरचा सदू आला. हा मूळचा तुमच्याच बाजूचा, संगमेश्वरकडचा, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला असतो. नवी कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून त्याच्या आईने एकच धरलं होतं, शिमग्याला गावी जायचं ते गाडीने. ‘साहेब, पालखी दारात येणार आणि आय हितं भाईंदरला बसून काय करणार? तुमच्या कोटाचा एक शब्द पुरे.’ माझ्या कोटाला शब्द नव्हता. पण नाही म्हटलं तर शांतता जाईल असं वाटलं, म्हणून मी मायलेकांची नावं आणि वयं लिहून घेतली आणि शनिवारी सकाळी आरक्षणाच्या रांगेत सगळ्यांसारखा उभा राहिलो. हाताला चाळा म्हणून पुराव्याचा कायदा बरोबर नेला.

मामा, त्या रांगेत मी वाचलं. नुसतं वाचलं नाही, मला कळलं. कबुलीजबाब, मृत्युपूर्व जबानी, साक्षीदाराची उलटतपासणी, एकामागून एक. (पुस्तकाच्या वासाने पुढच्या-मागच्यांनी अंतर राखलं, तेही उपयोगी पडलं.) घरी आल्यावर मी याचा विचार केला. रांगेत आडवं होता येत नाही. गॅस लांब असतो. आणि मुख्य म्हणजे तुमच्या मागे कोणीतरी असतं, ज्याला तुमची जागा हवी असते आणि जे तुम्ही हललात की ती घेतं. निहारचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही.

सदूची आई गावी सुखरूप पोचली, पालखी दारात आली, सदूने मला नारळ आणून दिला. पुढचे शनिवारही मी इमारतीतल्या कोणाकोणासाठी उभा राहिलो. पुराव्याचा कायदा झाला. तेव्हा कोटाची काळजी नसावी. मामींना नमस्कार, निहारला आशीर्वाद.

आपला,
यतीन

ता. क. शिमगा संपला. इमारतीत आता कोणाला कुठे जायचं नाही, मी दारोदार विचारलं. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे आणि दिवाणी प्रक्रिया संहिता सबंध राहिली आहे. तरी मे महिन्यात तुमच्याकडून मुंबईस कोण कोण येऊ शकेल त्यांची नावं आणि वयं उलट टपाली पाठवावीत. गाडी कोणतीही चालेल, जिची रांग लांब ती बरी. प्रवास केलाच पाहिजे असं नाही.

ता. क. मामा, मृणालिनीचा नमस्कार. पाकिटात घालण्यापूर्वी पत्र वाचलं. सदूभाऊंच्या आई गाडीने गेल्या नाहीत, एसटीने गेल्या, रात्रभर बसून. खिडकीपाशी ह्यांचा नंबर आला तेव्हा ह्यांचं एक प्रकरण वाचायचं राहिलं होतं, म्हणून मागच्यांना ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणत राहिले आणि खिडकी बंद झाली. हे मला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, आनंदाने. सदूभाऊंना एवढंच माहीत आहे की साहेबांनी सकाळपासून उभं राहून प्रयत्न केला. नारळ त्या प्रयत्नाबद्दलचा आहे. मी त्यांच्या आईंसाठी लुगडं घेतलं आहे. नावं पाठवलीत तर कृपा करून तिकिटं खरोखर हवी असलेल्यांची पाठवू नका.

ता. क. मामा, वरचा मजकूर मला मान्य आहे. मान्य केलेली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. पुराव्याचा कायदा, कलम अठ्ठावन्न. पुस्तक गॅलरीत आहे. खात्री करायला मी उठलेलो नाही.