एका बाटलीत दोघं

१० जून
लक्षद्वीपच्या खोल प्रवाळातलं सामान अखेर लॅबमध्ये पोचलं. बंगळूरला समुद्र नाही, पण माझ्या टेबलावर आहे. स्पिरिटात बुडवलेला मेल्या प्रवाळाचा मुठीएवढा तुकडा. हलकेच फोडला तर आत कृमींचं अख्खं अपार्टमेंट! कुणी चुन्याची नळी बांधून दाराशी पिसांचा तुरा लावलेला, कुणी सोनेरी केसांचं, कुणी दोऱ्याहून बारीक, कुणाला चक्क जबडे. जिथं दिवसाही संध्याकाळएवढाच उजेड, तिथं ही नटवेगिरी कुणासाठी? जेवायचं विसरले.
आईचा फोन. "अगं, किडेच नं ते? बेगा घरी ये, भातावरचं सारू निवतंय."
किडे म्हणे!

१२ जून
एका छोट्या बाटलीत दोन खवलेवाले कृमी. यांच्या पाठीवर मंगळुरी कौलांसारखे खवले असतात. एक नेहमीचा, ओळखीचा. दुसरा मात्र... जांभळे पट्टे, पायांचे केस टोकाशी दुभागलेले. असा मी पाहिलेलाच नाही. काय देखणा आहे!
पण दोघंही उघडेबोडके, आणि खवले सगळे तळाशी, एकत्र. हा प्राणी घाबरला की खवले झटकून टाकतो, म्हणून आधी गुंगी द्यायची, मग स्पिरिट. बोटीवर कुणीतरी घाईत जिवंतच टाकले. तेही एकाच बाटलीत! त्या माणसाला मी मनात जे म्हणाले ते इथं लिहीत नाही.

१३ जून
गाइड मॅडमना दाखवला. बराच वेळ बघितलं. "चेन्नागिदे. आदरे प्रूफ एल्ली?" छान आहे, पण पुरावा कुठंय. बरोबरच आहे त्यांचं. नवी जात म्हणायची तर खवल्यांचं वर्णन हवं, आणि कुठला खवला कुणाचा ते सांगता येत नाही.
महिनाअखेर सगळ्या बाटल्या संग्रहालयात जाणार. माझं प्रोजेक्टही तेव्हाच संपतंय. याच्या चिठ्ठीवर 'ओळख नाही' लिहायचं म्हणे. तसल्या बाटल्या मागच्या फळीवर पाहिल्यात मी. परत कुणी उघडत नाही. फार वाईट वाटलं.

१७ जून
खवले निवडतेय. काही गुळगुळीत. काहींना कडेनं झालर, मधे बारीक काटे. ओळखीच्याच्या जातीत दोन्ही तऱ्हेचे सापडतात, तरी झालरवाले या जांभळ्याचेच असणार, माझं मन सांगतंय. मॅडम मनाला विचारत नाहीत.
आईला सांगितलं तर हसून हसून बेजार. "म्हणजे दोघांचे कपडे एकत्र झाले म्हण!" आता रोज विचारते, मिळाले का त्याचे कपडे. किडा म्हणायची थांबलीय.

२१ जून
आहे! एक आहे!
चित्र काढायला स्वल्प कुशीवर वळवला, तर पहिल्या पायांमागे एक खवला अजून अंगावरच. झालरवाला! सुई खाली ठेवली, आधी चहा. मग फोटो. मग मॅडम.
"एकच?"
"हो, पण अंगावर आहे."
"चिकटलाय, की केसांत अडकलाय?"
हं. बाटलीत गटांगळ्या खाताना दुसऱ्याचा खवला याच्या केसांत अडकू शकतो. हे मला कसं सुचलं नाही?

२८ जून
खवला सुईनं उचलून बघितला तर कळेल. उचलताना सुटला तर होता तो पुरावाही गेला. सुई घेतली, ठेवली. परत घेतली. नाही लावली.
संग्रहालयात म्हणे न उचलता आतलं दाखवणारं मशीन आहे. याचा नंबर लागेल तेव्हा मी कुठं असेन कोण जाणे. त्याला वेगळी बाटली दिली, ऐसपैस. निरोप देताना 'सांभाळून जा' म्हणाले, कृमीला!
चिठ्ठीवर 'ओळख नाही' नाही लिहिलं. 'नवी जात?' असं लिहिलं.
मॅडमनी वाचलं. पेनचं टोपण काढलं. मला वाटलं, खोडणार. त्यांनी खाली सही केली.