मंद आचेवर

१ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

बायको सकाळच्या गाडीने गेली. ती नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते. त्यांचं नवं कॉलेज दुसऱ्या शहरात निघालंय, तिथली घडी बसवायला महिनाभर. घडी बसली की तीन वर्षं तिथेच प्रिन्सिपॉल म्हणून राहा, असा वरच्यांचा आग्रह. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचंय. निघताना म्हणाली, इकडे तुझं कसं चालतंय ते बघते, मग ठरवते.

म्हणजे निकाल माझ्या हातात.

मला ती परत यायला हवी आहे. हे तिला सांगण्यात अर्थ नाही, डोक्यावर बसेल. एखादा सामान्य नवरा अशा वेळी उपाशी राहील, फोनवर गळा काढील, आणि ती दयेपोटी परत येईल. मला दया नको. माझा प्लॅन बरोबर उलटा आहे. महिनाभर घरी असा काही स्वयंपाक करायचा, की तिला वाटावं, अरेच्चा, असा हिरा घरी ठेवून मी इथे काय करतेय? स्वतः रांधणाऱ्या नवऱ्याला सोडून कुठली बायको राहील?

निर्धार: बाहेरचं खाणं आजपासून बंद. आपला हात जगन्नाथ.

काल तिने मला भात कसा लावायचा ते दाखवलं. नीट पाहता आलं नाही, कारण त्या वेळी मी तिची पातेलं धरण्याची पद्धत सुधारत होतो.

२ फेब्रुवारी, सोमवार.

ऑफिसातून येताना खरेदी. सुऱ्यांचा सेट, बिडाचा तवा, वजनकाटा, एप्रन. एप्रनवर खिसा आहे. खिशात काय ठेवायचं ते दुकानदाराला सांगता आलं नाही.

मग किचनची शास्त्रशुद्ध फेरमांडणी केली. इतकी वर्षं मसाले गॅसच्या शेजारी आणि चमचे हाताशी! काही पद्धत? सगळं आकारमानानुसार लावलं. आता मीठ कुठे आहे ते सापडत नाहीये, पण ते जिथे आहे तिथे योग्य जागी आहे.

या सगळ्यात स्वयंपाक राहिला. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवलो. हे बाहेरचं खाणं नव्हे. हा अभ्यासदौरा.

४ फेब्रुवारी, बुधवार.

बटाट्याची भाजी. फार सोपी, लहान मुलंही करतात. बटाटे तव्यावर टाकले आणि शिजेपर्यंत बातम्या बघायला बसलो. बातम्या लांबल्या. जिन्यातला धुराचा भोंगा वाजायला लागला आणि सगळी बिल्डिंग चपला न घालता खाली उतरली.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, की काही लागलं-सवरलं तर हाक मारा, संकोच करू नका. मी म्हटलं, भोंगा जरा जास्तच हळवा बसवलाय, सोसायटीकडे तक्रार करणार आहे. त्या म्हणाल्या, आमच्या फोडण्यांना बारा वर्षांत एकदाही वाजला नाही. मी विषय बदलला.

बटाटे बाहेरून काळे, आतून कच्चे. दोष बटाट्यांचा. हल्लीच्या बटाट्यांत राम राहिला नाही.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवलो. मालक मिशीवाला आहे, मिशी पुढे आणि तो मागे. म्हणाला, या साहेब, आज पण अभ्यास का? सोमवारी मी त्याला तसं सांगितल्याचं आठवत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार. ऑफिस, लंच टाइम.

आज एक क्लेम उडवला. आमचं काम विम्याचे दावे तपासण्याचं, आणि फोटोतली लबाडी पकडण्यात डिपार्टमेंटमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. एका गृहस्थाने जळालेल्या सोफ्याचा फोटो पाठवला होता. सोफा खरा, जळालेलाही खरा. पण मागच्या कपाटाच्या काचेत दुकानाची पाटी उलटी दिसत होती. भंगारवाल्याकडचा सोफा!

शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना माझं सूत्र समजावून सांगितलं: फोटोतल्या वस्तूकडे बघू नका, तिच्यामागे बघा. माणूस थापा मारतो, मागची भिंत बोलते. मॅडम म्हणाल्या, हे तुम्ही मागच्या आठवड्यातही सांगितलं होतंत. चांगली गोष्ट पुन्हा सांगावी लागते. घरीसुद्धा मी हे सूत्र अनेकदा सांगितलं आहे, बायकोला तोंडपाठ आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार.

संध्याकाळी बायकोचा फोन. काय जेवलास म्हणून विचारलं. त्या क्षणी टेबलावर मिशीवाल्याकडचं पार्सल होतं. (केवळ आज. सकाळी अंडी उकडायला ठेवली होती, त्यातलं पाणी कुठे गेलं ते कळलं नाही. अंडी छतापर्यंत जातात हे मात्र कळलं.)

आता पार्सल म्हणावं तर तिला काळजी. म्हणून रस्सा आपल्या निळ्या काचेच्या बाऊलमध्ये ओतला, भात स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, वर कोथिंबीर मी स्वतः भुरभुरवली, आणि फोटो पाठवला. खाली लिहिलं, साधंच केलंय.

यात खोटं काय? भांडी घरची, टेबल घरचं, कोथिंबीर घरची. घरी खाल्लं ते घरचं. शिवाय ही तात्पुरती सोय आहे. उद्यापासून प्रत्यक्ष कृती.

तिने उत्तर पाठवलं, वा. नुसतं वा. भारावून गेली असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार.

रोज फोटो जातोय. कोथिंबिरीत हात बसलाय. आज तिने कृती विचारली. मी म्हटलं, अगं, कृती वगैरे काही नाही, अंदाजाने करतो. खरे बल्लवाचार्य मोजत बसत नाहीत. तिने विचारलं, मग वजनकाटा कशाला आणलास? काकूंशी बोलणं होतं वाटतं हिचं. घर म्हणावं की चावडी!

१५ फेब्रुवारी, रविवार.

सुट्टी. आज खऱ्या अर्थाने सुरुवात. टोमॅटोचं सूप. टोमॅटो उकडले, मिक्सरमध्ये घातले, बटण दाबलं. मिक्सरला झाकण असतं आणि ते लावायचं असतं, ही माहिती कंपनीने ठळक अक्षरांत द्यायला हवी.

छत, खिडकी, एप्रन (खिसा भरला, म्हणजे उपयोग झाला), आणि भिंतीवरचा आमच्या दोघांचा फोटो. ती पूर्ण लाल, मी अर्धा. आधी तिचा चेहरा पुसला.

संध्याकाळी हॉटेल. नाइलाज.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

मिशीवाल्याने मला दोघांचं टेबल दिलं, खिडकीजवळचं. वेटरने दोन ग्लास पाणी ठेवलं. मी एकटाच आहे म्हटल्यावर एक ग्लास उचलला, आणि जाता जाता समोरची खुर्चीही पलीकडच्या टेबलाला देऊन टाकली. मला काय त्याचं? उलट पाय पसरायला जागा झाली.

पाय पसरले नाहीत.

मिशीवाला म्हणाला, साहेब, रोज डबे फुकट जातात, तुमचेच आणून ठेवा. कल्पना व्यवहार्य वाटली. निळा बाऊल आणि झाकणाचा डबा त्याच्याकडे ठेवून आलो. आता रस्सा थेट घरच्या भांड्यात पडतो. म्हणजे एका परीने स्वयंपाक घरीच होतो, फक्त गॅस जरा लांब आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

फोन. आज तिने सरळच विचारलं. खरं सांग, जमतंय ना तुला? नसेल जमत तर तसं बोल, मी त्यांना नाही म्हणून मोकळी होते.

एका शब्दाचं काम होतं. पण तीन आठवड्यांची मेहनत शेवटच्या टप्प्यात पाण्यात घालायची? मी म्हटलं, जमतंय म्हणजे काय, तुझ्याशिवाय किचन किती सुटसुटीत चाललंय! म्हटलं, आता तर वाटतं की हे आधीच का केलं नाही.

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो. मग म्हणाली, बरं. जेवून घे.

बाण बरोबर लागलाय. अशी शांतता माणूस हेलावल्याशिवाय येत नाही.

(फोन ठेवल्यावर तिची शाल खुर्चीवरून कपाटात ठेवायला घेतली. ठेवली नाही. गार होतं, म्हणून पांघरली.)

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

कठीण प्रसंग. तिने व्हिडिओ कॉल केला, म्हणाली, करताना दाखव की. आत्ता, लगेच. नशीब माझं, पार्सल नुकतंच आलं होतं. रस्सा कढईत ओतला, एप्रन चढवला, फोन फळीला टेकवला आणि डाव हलवू लागलो. मधूनच चव घेऊन मान डोलावली. रंगमंच हुकला माझा.

ती म्हणाली, गॅस पेटलेला दिसत नाही. मी म्हटलं, मंद आच. ती म्हणाली, इतकी मंद? मी म्हटलं, चवीचं रहस्यच ते. ती म्हणाली, वाफ पण येत नाही. मी म्हटलं, वाफ आत जिरवतोय.

त्यावर ती खो खो हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसू ऐकलं. ती हसते तेव्हा आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो, हे मी विसरलो होतो. तिला वाटलं असेल, काय गुणी माणूस! पुरुषाने स्त्रीला हसवलं की अर्धी लढाई जिंकली.

फोन संपल्यावर रस्सा खरोखर गरम करायला ठेवला. करपला. असो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्या ती निर्णय सांगणार. मला तो माहीत आहे, औपचारिकता बाकी. घर आवरलं. किचनमधल्या वस्तू आठवतील तशा जुन्या जागी ठेवल्या. मीठ सापडलं, वजनकाट्याच्या खोक्यात होतं. छतावरचा टोमॅटो मात्र निघत नाही. पाहुण्यांना डिझाइन म्हणून सांगता येईल.

काकूंना म्हटलं, पुढच्या आठवड्यात ही येतेय. त्या म्हणाल्या, हो का? आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की मलाच दाराला कडी लावायची घाई झाली. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

मिशीवाल्याकडून भांडी परत आणली. त्याला सांगितलं, आता भेट कमी होईल. त्याने हात जोडले.

२८ फेब्रुवारी, शनिवार.

तिने हो कळवलं. तीन वर्षं.

मी म्हटलं, ऐकण्यात काही चूक होतेय का? नाही म्हणाली, सकाळीच सही केली.

आधी मी अभिनंदन केलं. मग म्हटलं, हे काय वागणं झालं? इकडे मी राबराब राबून रांधतोय आणि त्याची ही किंमत? तेव्हा ती म्हणाली, आता पुरे. पहिल्याच फोटोत कळलं होतं. म्हणाली, बाऊलकडे बघितलंच नाही मी, डब्याच्या झाकणाकडे बघितलं. झाकणात हॉटेलची लाल पिशवी दिसत होती, हँडलसकट, आणि पिशवीच्या बाजूला फोन घेऊन वाकलेला तू. वीस वर्षं ऐकतेय ना, मागची भिंत बोलते म्हणून.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? रोज वा वा कशाला करत होतीस?

म्हणाली, वाट बघत होते. तू पार्सल खा नाहीतर दगड खा, मला त्याचं काही नव्हतं. उपाशी राहत नाहीस एवढं काकूंकडून कळत होतं. मी रोज फोन करायचे ते तू एकदा तरी म्हणशील म्हणून, की करमत नाही. त्या शुक्रवारी तर मी अगदी सरळ विचारलं. एवढं म्हणाला असतास तर पुढच्या गाडीने आले असते. तू म्हणालास, किचन सुटसुटीत चाललंय.

मी म्हटलं, ते प्लॅनचा भाग होतं. ती म्हणाली, कुठल्या प्लॅनचा? मी सगळा प्लॅन सांगितला. हिरा वगैरे. सांगताना तो मलाही पूर्वीइतका पटेना.

ती हसली, पण आज खांदे हलले नसावेत. म्हणाली, काम मला आवडतंय रे, आणि माणसंही चांगली आहेत. एवढंच की निघताना कोणीतरी थांब म्हणावं असं वाटत होतं. आता झालं ते झालं. सुट्टीत येत जाईन, तूही ये.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बैल म्हणजे कोण, ते लिहायला नको.

जेवलो नाही. मिशीवाल्याकडे कुठल्या तोंडाने जायचं?

१ मार्च, रविवार. दुपार.

भात लावला. गॅस पेटवला, खरोखरचा. मीठ घातलं. बातम्या लावल्या नाहीत, पातेल्यासमोरच उभा राहिलो. तरी खाली लागला. मधला थर बरा होता, तो खाल्ला. ताट घेऊन तिच्या खुर्चीत बसलो, म्हणजे निदान ती रिकामी दिसत नाही.

पातेल्याचा फोटो काढला. तळ काळाकुट्ट. मागे भिंत, भिंतीवर आमचा फोटो, अजून जरा गुलाबी. काही हलवलं नाही, कोथिंबीर घातली नाही. खाली लिहिलं, करमत नाही. लिहून खोडलं. पुन्हा लिहिलं. डोक्यावर बसली तर बसू दे म्हटलं, आणि पाठवलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. हा मात्र तूच केलास.

त्याखाली दुसरं: मलाही नाही करमत. पण सही झालीय.

आणि तिसरं: पातेलं भिजत घाल.

घातलंय.