झाडावरची लोकर

प्रिय प्रांजल,

आधी हे लिहितो की इथं सगळे धडधाकट आहेत, कारण माझं अक्षर बघून तू घाबरशील. फोनवर मला सुचत नाही. तुझा चेहरा मध्येच थांबतो, तोंड उघडंच राहतं, आणि मला वाटतं पोरीला थंडीनं धरलं. म्हणून पत्र.

सगळा हिवाळा तिकडं परदेशातल्या जंगलात, त्या रेनडिअर हरणं पाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी राहून अभ्यासासाठी बर्फ मोजायचा म्हणतेस. तुझा बाप नको म्हणतो. जालिंदरचा स्वभाव तुला ठाऊक आहे, नको म्हणतो आणि टोमॅटोला पाणी द्यायला निघून जातो. मी कुठं जाऊ? मी ओट्यावर बसून काळजी करतो. तिथं अस्वलं आहेत का म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, "आबा, तुमच्या उसात बिबट्या आहे आणि तुम्ही मला अस्वलाचं विचारता? अस्वल हिवाळाभर झोपतं." झोपतं हे खरं, पण कशानं जागं झालं तर?

तू पाठवलेल्या त्या फोटोनं तर माझी झोपच उडवली होती. उंच काळपट झाडं, आणि फांदीफांदीला लोंबणारे करड्या केसांचे पुंजके. मी म्हटलं, ही लोकर. मेंढ्या काट्यातून गेल्या की आपल्या बाभळींना अशीच अडकते. तिकडंही आपल्यासारखीच माणसं मेंढरं घेऊन हिंडतात म्हणून मला एवढा आनंद झाला की पारावर सगळ्यांना फोटो दाखवला. राजुरीहून संपत पाव्हणा आला होता. त्यानं फोटो निरखला आणि म्हणाला, "आबा, लोकर मान्साच्या डोक्याच्या वर हाय. मेंढरू केवढं आसंल?" सगळा पार हसला. मला मात्र घोर लागला. मेंढरू एवढं, तर त्याला खाणारा लांडगा केवढा असेल.

मग तू सांगितलंस की ती लोकर नव्हे, आजीच्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं आहे ते. बुरशी घर बांधते, शेवाळ त्यात राहून सूर्यावर स्वयंपाक करतं, आणि दोघांचा संसार झाडाला लोंबतो. तुझी आजी लगेच उठली, डब्यातलं दगडफूल आणून माझ्या नाकाशी धरलं. "अवो, ही घ्या तुमची लोकर." तेव्हापासून रस्सा करताना दर वेळी विचारते, "लोकर जरा जास्त टाकू का?"

पुढचं जे सांगितलंस ते मी ध्यानात ठेवलंय. चुकलं तर कळव. तिथं बर्फ पडतो तो जमिनीवर घोंगडीसारखा बसतो. वर हाडं गोठवणारी थंडी, पण घोंगडीखाली जमीन तेवढी गारठत नाही, उंदीरसुद्धा तिथं सुखानं नांदतात. खाली जमिनीवरही त्याच कुळातला पांढरा चारा असतो, आणि रेनडिअर खुरानं बर्फ उकरून तो खातात. हे ऐकून मी निवांत झालो होतो. पण मग तू म्हणालीस, कधी भर हिवाळ्यात पाऊस पडतो, त्याचं पाणी बर्फात मुरून गोठतं, आणि वर दगडासारखी पापडी धरते. मग खूर चालत नाही. चारा पायाखाली आणि तोंड पोचत नाही. त्या दिवशी मला घास गेला नाही. अवकाळी तिकडंही जनावरांच्याच मुळावर उठतो म्हणायचा.

आणि अशा वेळी ती झाडावरची लोकर उपयोगी पडते. पण ती वाढते फार सावकाश, म्हणून म्हाताऱ्या झाडांवरच भरपूर असते म्हणालीस. म्हाताऱ्यांचा कुठं तरी उपयोग आहे, हे मी तुझ्या आजीला मुद्दाम दोनदा ऐकवलं.

तू लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण डिंभ्याकडं मेंढरांच्या तळावर गेलो होतो, आठवतं का? धरणाचं पाणी मागं सरकलेलं, आणि ओल्या गाळात हिरवं उगवलेलं. तू विचारलंस, पाणी गेल्यावरच हिरवं का उगवतं? मी म्हटलं, उगवतं म्हणून उगवतं. तुझं समाधान झालं नाही. परतीची एसटी वेळेवर आली नाही, तेवढा सगळा वेळ तू गाळ उकरत बसलीस. तीच तू आता बर्फ उकरणार.

खरं सांगायचं तर हे पत्र मला जालिंदरनं लिहायला बसवलं. "ती तुमचंच ऐकती, बर्फ पडायच्या आत माघारी ये म्हणून लिवा," म्हणाला. तेच लिहायला बसलो होतो. पण तुझी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या म्हाताऱ्यानं तुला विचारलं की चारा तोंडाला लागत नाही तेव्हा तुमच्याकडं काय करतात. तू म्हणालीस, आमचे आबा लांब काठीच्या आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडतात. तो हसला आणि त्यानं कोपऱ्यातली आपली आकडी काढून दाखवली, फांद्यांवरची लोकर ओढायची. ज्या घरात जनावरासाठी आकडी तयार असते, त्या घरात माणूस उपाशी राहत नाही, एवढं मला कळतं. म्हणून राहा. हिवाळा सरून त्यांच्या रेनडिअरची वासरं जन्मली की ये. जालिंदरला मी सांगतो, तो टोमॅटोत गेला तर तिथं जाऊन सांगतो. सोबत घोंगडी पाठवतोय. तिला विणताना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास येईल, पण धुऊ नकोस, ऊब जाते. आणि येताना चिमूटभर ती लोकर आण, आजीला रश्शात टाकून बघायचीय. पण आधी रेनडिअरची पोटं भरू देत, मग उरली तरच.

काळजी करत राहणारा तुझाच,
यमाजी आबा
पिंपरी पेंढार