काकूंनी उचललेला हात

रविवार, सोसायटीच्या सभेनंतर

रिडेव्हलपमेंटचं मतदान झालं. सेक्रेटरी या नात्याने बिल्डरचं नाव मीच सुचवलं, हातही पहिला माझाच वर गेला. समोरच्या दारातल्या काकूंनी नेहमीसारखं आधी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा खांदा धरलाय, तरी डाव्या हाताने कोपराला आधार देऊन उजवा हात उचलला त्यांनी. त्यांच्यामागून निम्मी बिल्डिंग.

दुसरा बिल्डर सगळ्यांना मोठी घरं देत होता. ते मी सभेत बोललोच नाही. का? तर मी सुचवलेल्या बिल्डरने मला खाडीकडचा कोपऱ्यातला फ्लॅट कबूल केलाय. बाकीच्यांचे फ्लॅट चिठ्ठ्या टाकून ठरणार. माझीही चिठ्ठी असेल, पण नावापुरती. लाज वाटते? मग तिथे का नाही वाटली?

जिन्यात काकू खांदा चोळत थांबल्या होत्या. म्हणाल्या, "शिरीष, मला यातलं काय कळतंय? तुझा हात दिसला की माझा वर." तो कोपराला दिलेला आधार डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे म्हणाल्या, "गणपतीला सांगून ठेवलंय, चिठ्ठीत शिरीषचाच शेजार निघू दे."

आणि मी, निर्लज्ज, म्हणालो, "निघेल की, काकू."