टोरांटो नागपूरएवढं

आबा, तुमची नात आज टोरांटोला गेली, तिच्या मामाच्याच गावी. मोबाइलवर अंतर पाहिलं, सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. हवेत सोळा तास. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, पण तो आकडा दिसला आणि तुमचाच आवाज आला, "लय लांब नाय, नागपूरएवढं हाय." भाऊने फोनवर सोळा तास सांगितले, तेव्हापासून तुमचा हिशोब पक्का. नाशकातून दुपारी नागपूरच्या एस्टीत बसायचं, उजाडता उतरायचं, तसंच आपलं पोरगं. पंचवटीच्या बाजारात शेवंतीचे क्रेट उतरवताना भेटेल त्याला हेच सांगायचात. आणि वर, "मला काही झालं तर त्याला तोंड दाखवल्याबिगर हलवायचं नाय." भाऊकीने दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या.

तुम्ही गेलात ते ऐन वैशाखात. ओट्यावर बर्फाच्या लाद्यांवर तुम्ही, आणि उशाशी बसून मी पाणी पुसतेय. भाऊ निघाल्याचा फोन येतो आणि काका जमलेल्या लोकांना सांगून टाकतात, "उद्या दुपारपातुर येतोय." मधे विमान बदलायचं असतं, तिथे ताटकळावं लागतं, मुंबईत उतरल्यावर कसारा घाट आहेच, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. माझ्याही नाही. दुसऱ्या दिवशीची दुपार टळली. प्रेत घरात असताना भाऊकीत चूल पेटत नाही, म्हाताऱ्या माणसांना उपासाने घेरी यायला लागली. आणि वास यायला लागला, आबा. तुमचा. हे लिहायला नको, पण मी तिथेच बसले होते. तेवढ्यात भाऊचा फोन आला, पुढचं विमान चुकलं, अबुधाबीत अडकलोय. काकांनी फोन माझ्या हातात दिला. "ताई, थांबा ना गं," एवढंच तो म्हणत राहिला. मी म्हटलं, "नाही रे थांबता येत." काका म्हणाले, "पोरी, मडकं तूच धर."

तो पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. खांद्यावरची बॅग तशीच ठेवून तो रिकाम्या ओट्याकडे बघत उभा. आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. "सोळा तास मीच सांगितले होते त्यांना," म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मला त्याची कीव आली आणि तुमच्यावर चीड आली, कशाला असली अट घालून गेलात म्हणून.

म्हणून आज विमानतळावर पोरीने विचारलं, "आई, तुला काही झालं तर?" तेव्हा मी तयारच होते. म्हटलं, "धावत येऊ नकोस. माझ्यासाठी कोणी खोळंबायचं नाही, लगेच उरकून टाकायचं. तसं मी सांगून ठेवणार आहे." तिने डोळे पुसले, "बरं" म्हणाली आणि आत गेली. परत येताना घाटात मला तिचा राग आला, आबा. जरा तरी भांडायला हवं होतं तिने.